शेवटच्या खोलीतल्या मॅडम

आमच्या मॅडम नदीतून बाहेर यायच्या त्या उलट्या पावली. तोंड पाण्याकडे, पाठ काठाकडे, आणि चाचपडत एकेक पाय मागे. काठावर कपडे धुणाऱ्या बायका हे बघून हात थांबवायच्या, कारण उलट्या पावलांनी कोण चालतं हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी शास्त्रीय उत्तर दिलं. "वरून काय वाहत येतंय ते शेवटपर्यंत दिसलं पाहिजे. ओंडका पाठीत बसला की कळेल." पटलं. महिन्याभराने त्या स्वतःहून म्हणाल्या, "आणि निघताना यजमानाकडे पाठ करू नये." तेही पटलं. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला त्यांचं सगळंच पटायचं, आणि त्यांची थोडी भीतीही वाटायची.

मी दोन वर्षं त्यांच्या हाताखाली प्रकल्प सहायक होतो. मॅडमचा विषय गोडं पाणी. नद्या, पाणथळ जागा आणि पुराच्या जमिनी यांत त्यांची तीस-पस्तीस वर्षं गेली होती. नवी मुंबईत बसून हा उद्योग करणं म्हणजे समुद्रकिनाऱ्यावर विहिरीचं कौतुक सांगण्यासारखं. खाडीला इथे गिऱ्हाईक आहे. फ्लेमिंगो आले की लोक कॅमेरे घेऊन पळतात. पण डोंगरातून उतरून तळोज्याच्या अंगाने खाडीकडे जाणाऱ्या नद्यांना कोण विचारतो? त्यांना सरसकट नाला म्हणतात, आणि नाला म्हटलं की माणूस नाकाला रुमाल लावून काच वर करतो. मॅडमसमोर कोणी नाला म्हटलं तर त्या रागवायच्या नाहीत. फक्त त्या माणसाला त्याच्या आईचं नाव विचारायच्या. बिचारा गोंधळून सांगायचा. "बघा, तुम्ही नावाने ओळखता ना," म्हणून त्या पुढे चालू लागायच्या.

त्या मूळच्या रायगडच्या किनाऱ्यावरच्या, कोकणी मुसलमान घरातल्या. घरची माणसं जहाजावर नाहीतर आखातात, आणि ही एकटीच डबक्यात, असं त्यांचे भाऊ थट्टेने म्हणायचे. लग्न केलं नव्हतं. नेरूळला दुसऱ्या मजल्यावर त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. उन्हाने रापलेला किडकिडीत देह, केसांत खोचलेलं पेन्सिलचं थोटूक, मनगटावर पुरुषी मोठं घड्याळ आणि पर्समध्ये भरती-ओहोटीचं वेळापत्रक, एवढा सगळा त्यांचा शृंगार.

मुलाखतीला गेलो तेव्हा त्यांनी माझी प्रमाणपत्रं उघडलीसुद्धा नाहीत. एक पांढरा ट्रे समोर ठेवला. त्यात बोटभर पाणी आणि मूठभर नदीचा गाळ. "यात किती जीव आहेत ते सांगा," म्हणाल्या आणि निघून गेल्या. दहा मिनिटं मी त्या चिखलाकडे बघत बसलो. काही नाही. वीस मिनिटं झाली. टळटळीत दुपार, वर पंखा कुरकुरतोय, आणि मला वाटायला लागलं की बाई माझी फिरकी घेतायत. उठणार, एवढ्यात गाळाच्या एका कणाने कूस बदलली. मग दुसऱ्याने. काडीचा एक तुकडा आपण काडी नसल्यासारखा चालायला लागला. तासाभराने मॅडम आल्या तेव्हा मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "सतरा."

"सतरांनी तुम्हाला बघितलं, असं म्हणा," त्या म्हणाल्या. "बाकीचे अजून ठरवतायत." आणि दुसऱ्या दिवसापासून यायला सांगितलं.

त्यांच्याबरोबर रस्त्याने चालणं हा एक प्रकारच होता. एकदा आम्ही बोनकोड्याच्या बाजूला एका सोसायटीत गेलो होतो. तिथल्या बोअरवेलचं पाणी तपासायचं होतं. लॉबीत चकचकीत संगमरवर. मॅडम आत शिरल्या, मध्येच थबकल्या, आणि त्यांनी सलवार दोन्ही हातांनी घोट्याच्या वर उचलली. तशाच जपून पावलं टाकत लिफ्टपर्यंत गेल्या, तिथे सलवार सोडली आणि पाय झटकले. वॉचमन उभाच राहिला. "मॅडम, पोछा कदीच सुकला हाय," तो म्हणाला. मॅडम त्याच्याकडे बघून हसल्या. "आज आहे," एवढंच बोलल्या.

मी मोजली होती, अकरा पावलं. ऑफिसात जाऊन जुना नकाशा काढला. शहर वसण्याआधीचा, पिवळा पडलेला. त्या सोसायटीच्या जागी डोंगराकडून खाडीकडे जाणारी एक ओहळाची रेघ होती, आणि रुंदी मांडून बघितली तर अकरा पावलांच्या आसपास. आता, मॅडमना असले नकाशे तोंडपाठ होते हे मान्य. पण लिफ्टच्या किती अलीकडे पाय झटकायचे हे कुठल्या नकाशात लिहिलेलं असतं? मी कधी विचारलं नाही. काही गोष्टींचं उत्तर मिळालं तर पंचाईत होते.

पुराच्या जमिनीला त्या नदीची ओसरी म्हणायच्या. "घराला असते तशी नदीलाही ओसरी असते. वर्षातले चार दिवस ती तिथे येऊन बसते. तुम्ही तिथे खोल्या बांधल्या म्हणून ती यायची थांबत नाही. आल्यावर विचारते, हे कोण बसलंय?" हे त्या सभेत, समितीत, रिक्षावाल्याला, कुणालाही सांगायच्या, आणि 'हे कोण बसलंय' हे अशा आवाजात म्हणायच्या की समोरचा आपल्या खुर्चीकडे बघायचा.

प्रयोगशाळेत भिंतभर मांडण्या होत्या, आणि मांडण्यांवर बाटल्या. तीस वर्षांत नदीनाल्यांतून वेचलेले किडे, अळ्या, शंख, सगळे स्पिरिटमध्ये. मॅडम सकाळी आल्या की आधी मांडणीसमोर उभ्या राहायच्या, मग आमच्याकडे वळायच्या. प्रत्येक बाटलीला दोन चिठ्ठ्या. एक बाहेर चिकटवलेली, एक आत, स्पिरिटमध्ये बुडवलेली. आतली चिठ्ठी पेन्सिलनेच लिहायची हा आमच्या धंद्यातला पहिला नियम, कारण स्पिरिटमध्ये पेनाची शाई उडून जाते, पेन्सिल टिकते. मॅडम तो नियम त्यांच्या पद्धतीने सांगायच्या. "बाहेरचं नाव आपल्यासाठी. आतलं त्याच्यासाठी. आपण कुठून आलो एवढं तरी मेलेल्याला माहीत असावं." नवीन आलेली मुलं हसायची. मीही हसलो होतो.

आता नानांची चाळ सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिथे घडलं.

तळोज्याच्या पलीकडे नदीकाठच्या एका गावात नानांची नऊ खोल्यांची चाळ होती. नाना आगरी, सत्तरीचे. भातशेती गेली, खाली नदीकडे उतरत जाणारा एक तुकडा राहिला, त्यावर खोल्या बांधून त्यांनी भाडेकरू ठेवले होते. खोल्या उतारावर एका रांगेत, शेवटची सगळ्यात खाली. त्या खोलीमागे उंबर आणि उंबराखाली शेंदूर लावलेले सात दगड. साती आसरा, पाण्यातल्या सात देवता. नदी तिथून चांगली दोनशे पावलं लांब होती.

मॅडमनी दगड बघितले आणि चपला काढल्या. मग हात कपाळाशी नेऊन सलाम केला. नाना आधी दचकले आणि मग खूश झाले. "आमचे आसरांना सलाम करनारी पयलीच बगितली," ते म्हणाले.

"नाना, आसरा इथे कशा? नदी तर तिकडे आहे."

"आसरा पान्याजवलच असतान, मॅडम. आमची आजी सांगाची, हितं डोह व्हता. मानूस उभा बुरंल येवरा. माजे बापानं भराव टाकला. पन दगर कोन हलवील? कोनाची हिंमत हाय?"

मॅडमनी डायरीत लिहून घेतलं. पण समितीला आजी चालत नाही. त्या वर्षी नदीची पूररेषा ठरवायची होती. रेषेच्या आत येणाऱ्या घरांना पावसाआधी दुसरीकडे हलवायचं, बाहेरची आहेत तिथे राहतील, असं ठरलं होतं. रेषा काढायची कामगिरी मॅडमकडे. त्यांना पुरावा लागत होता, आणि तो जमिनीत होता. पूर जिथपर्यंत येऊन थांबतो तिथपर्यंत गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख मातीत सापडतात. म्हणून नदीपासून शेवटच्या खोलीमागच्या उंबरापर्यंत एका ओळीत बारा खड्डे खणायचे, प्रत्येकातली माती बाटलीत भरायची, आणि प्रयोगशाळेत धुऊन बघायची. हे काम मॅडमनी माझ्यावर सोपवलं.

शेवटच्या खोलीत सुनंदा राहायची. सोलापूरकडची. नवरा न्हावा शेव्याच्या ट्रेलरवर ड्रायव्हर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. ती एका पॅकिंगच्या कारखान्यात जायची आणि दोन लहान मुलींना शेजारणीकडे ठेवायची. त्या दिवशी तिला सुट्टी होती. मी बाराव्या खड्ड्यात उतरलो होतो तेव्हा तिने वरून चहाचा कप दिला आणि विचारलं, "भाऊ, आमचं घर आत येतंय का भायेर?"

"मातीला विचारतोय," मी म्हणालो. मॅडमसारखं बोलायची सवय लागली होती.

तिने मान डोलावली. "आत आलं तरी चालंल, आन भायेर आलं तरी चालंल. खरं काय ती सांगा म्हंजे झालं."

आता माझी चूक. पहिल्याच खड्ड्यात पेन्सिलचं टोक मोडलं. खिशात बॉलपेन होतं. ऊन मी म्हणत होतं, पेन्सिल आणायला गावात वर जायचा कंटाळा आला, आणि मनात म्हटलं, उद्या सकाळी तर बाटल्या रिकाम्याच करायच्यात, एका दिवसात काय होतंय? बाहेर मार्करने नंबर टाकले होतेच. बाराही चिठ्ठ्या पेनाने लिहिल्या. येताना रिक्षात एक बाटली पाझरली. दुसऱ्या दिवशी पिशवी उघडली तर बाहेरचे नंबर स्पिरिटने पुसून गेले होते आणि आतल्या चिठ्ठ्या पांढऱ्याफटक. बाराही बाटल्यांतल्या स्पिरिटला फिकट निळी झाक आली होती.

पुन्हा खणता आलं असतं का? नानांनी काम झालं असं समजून दोन दिवसांत अंगणात पेव्हर ब्लॉक बसवून घेतले होते. तरी उखडता आले असते. पण त्यासाठी आधी तोंड उघडावं लागलं असतं, आणि ते माझ्याने झालं नाही.

मी माती धुतली. नऊ बाटल्यांत शंख निघाले, तीन कोऱ्या. मग आमच्या शास्त्रातला शहाणा माणूस करेल तोच विचार मी केला. नदीजवळ शंख असणार, लांब गेलं की संपणार. म्हणजे कोऱ्या तीन बाटल्या सगळ्यात लांबच्या. दहा, अकरा, बारा. सात दगड मला आठवले नव्हते असं नाही. पण दगड काय, कुणीही कुठेही ठेवतं, असं मी स्वतःला समजावलं. नव्या चिठ्ठ्या कापल्या आणि नवी पेन्सिल घेऊन झोकात नंबर लिहिले.

मॅडमनी एकेक बाटली उजेडात धरून बघितली. बाराव्या बाटलीपाशी खूप वेळ थांबल्या. "खड्ड्यात बसून लिहिलेली चिठ्ठी इतकी स्वच्छ?" त्यांनी विचारलं.

"पुन्हा लिहिल्या, मॅडम. अक्षर नीट यावं म्हणून."

"बरं," त्या म्हणाल्या. बाटली मांडणीवर ठेवली आणि मग ती हलकेच फिरवून तिच्यातली चिठ्ठी माझ्याकडे केली.

रेषा नवव्या खड्ड्यापाशी आली. चाळ बाहेर. मॅडमनी अहवालात शेरा लिहिला होता, शेवटच्या तीन खड्ड्यांबद्दल खात्री नाही म्हणून. पण नकाशावर शेरे छापत नाहीत. नानांनी पेढे वाटले. मीही खाल्ला.

एप्रिल संपता संपता मॅडम सुनंदाच्या दारात गेल्या आणि म्हणाल्या, "आपण घरं बदलूया." सुनंदाला वाटलं चेष्टा आहे. मॅडमनी किल्ली तिच्या हातात ठेवली. नेरूळच्या घराशेजारी मुलींना शाळा आहे, आणि मला पावसाळाभर नदीजवळ काम आहे, एवढंच कारण सांगितलं. आठवड्याभरात सुनंदा दोन मुलींना घेऊन दुसऱ्या मजल्यावर राहायला गेली आणि मॅडम एक ट्रंक, एक स्टोव्ह आणि ते वेळापत्रक घेऊन चाळीच्या शेवटच्या खोलीत आल्या. नानांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तुजे मॅडमचा डोका फिरलाय काय रं?" ऑफिसातही सगळे तेच म्हणत होते, फक्त जरा बऱ्या भाषेत.

ट्रंक मीच उचलून नेली होती. ती खाली ठेवली तेव्हा मॅडमनी विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय का?"

"नाही, मॅडम."

"बरं."

जूनमध्ये मी तिथे गेलो. दुपारची वेळ होती. पाऊस उघडला होता, चाळीत चिटपाखरू नव्हतं. मॅडम जमिनीवर एका कुशीवर झोपल्या होत्या, कान फरशीला लावून. मला वाटलं त्यांना बरं नाही. त्यांनी बोट ओठांवर ठेवलं आणि मलाही खाली वाकायला सांगितलं. मी कान लावला. फरशी गारढोण होती. आधी काहीच नव्हतं. मग खाली, बरंच खाली, कोणीतरी बशीतून चहा ओढून प्यावा तसा आवाज आला. थांबला. पुन्हा आला.

"बाराच्या सुमारास येतो," मॅडम उठून बसत म्हणाल्या, जणू दूधवाल्याबद्दल सांगत होत्या. मग त्यांनी मूठ उघडली. तळहातावर पाचसहा शंख होते, जुने, पांढरे, नखाएवढे. "सकाळी उंबऱ्याशी होते. काल तीन होते."

बाहेर अंगणभर ब्लॉक बसवलेले, माती कुठे दिसायला तयार नाही. ते शंख मी ओळखले. नऊ बाटल्यांतून मी स्वतः चिमट्याने तसलेच शेकड्यांनी वेचले होते. मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. त्या नजरेत राग नव्हता, हेच मला सहन होईना. मी घड्याळ बघितलं आणि काहीतरी काम काढून निघून आलो. त्यानंतर चाळीकडे फिरकलो नाही.

जुलैतल्या त्या दिवशी पहाटेपासून कोसळत होतं. साडेदहाच्या सुमारास नानांचा फोन आला. "तुजी मॅडम घरान बसली हाय, भायेर येत नाय! सकालधरनं सगल्यांची दारं वाजवलीन, सगल्यांना वर शालेन धाडलान, आन आता सोता आत बसली हाय. माजा ऐकत नाय. तू ये!"

पोचेपर्यंत बारा वाजायला आले होते. वरच्या खोल्यांच्या दारांना कुलपं होती. खाली अंगणात पाणी गुडघ्यापर्यंत, लालभडक, वाहतं. मी भिंत धरत शेवटच्या खोलीशी गेलो. दार उघडं होतं. मॅडम खाटेवर बसल्या होत्या, पाय पाण्यात सोडून, डोळे घड्याळावर.

"या," त्या म्हणाल्या. "बाराला चार कमी. भरती पूर्ण आहे."

तेव्हा मला दिसलं की खोलीतलं पाणी लाल नव्हतं. बाहेर उंबऱ्यापर्यंत गढूळ पाणी येऊन थडकत होतं, आणि आत, पोटरीपर्यंत, अगदी नितळ पाणी होतं. फरशीच्या रेघा दिसत होत्या. त्या रेघांमधूनच ते वर येत होतं, सावकाश, बुडबुडासुद्धा न काढता. आणि त्यात पांढरे शंख गोल गोल फिरत होते. नदी दारातून आली नव्हती. ती खालून आली होती, आणि घरभर पसरून शांत बसली होती.

"बघा किती स्वच्छ," मॅडम म्हणाल्या. "दारातून येतं ते पाहुणं. हे घरचं."

त्यांनी माझ्याकडे मान वळवली. "आता तरी काही सांगायचंय?"

सगळं जिभेवर आलं होतं, खोटं नाही सांगत. पण आयुष्यभर ज्या बाईने एक अळीसुद्धा चुकीच्या बाटलीत जाऊ दिली नाही तिच्यासमोर ते वाक्य उच्चारायचं मला धैर्य झालं नाही. मी म्हणालो, "मॅडम, आधी बाहेर चला."

त्यांनी मान हलवली. उठल्या, आणि खोलीकडे तोंड करून, एकेक पाय मागे टाकत बाहेर आल्या. अर्ध्या तासाने शाळेच्या ओट्यावरून आम्ही बघितलं तेव्हा शेवटच्या तीन खोल्यांची फक्त कौलं दिसत होती. नाना त्या कौलांकडे बोट दाखवत होते. "दोन पोरी व्हत्या रं तिथं," ते म्हणाले. "दोन पोरी व्हत्या." ते पुन्हा पुन्हा हेच म्हणत राहिले.

मॅडमना चौथ्या दिवशी ताप भरला. लेप्टो, पुराच्या पाण्यातून होतो तो. त्यांनी दोन दिवस अंगावर काढला आणि मग उशीर झाला होता. मी रुग्णालयात गेलो. त्या बोलू शकत नव्हत्या, पण माझ्याकडे बघत होत्या. पाच मिनिटं आम्ही दोघंच होतो, आणि मी म्हणालो, "बऱ्या व्हाल, मॅडम." यापेक्षा नादान वाक्य मी जन्मात बोललो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या. त्यांचे भाऊ त्यांना गावी घेऊन गेले. कब्रस्तानात मी सगळ्यांच्या मागे उभा होतो.

पूर ओसरल्याच्या दुसऱ्या दिवशी, ताप यायच्या आधी, त्यांनी समितीला पत्र पाठवलं होतं. त्याची प्रत नंतर ऑफिसात आली. 'शेवटच्या तीन खड्ड्यांच्या नोंदीत माझ्याकडून चूक झाली आहे. रेषा चाळीच्या वर घ्यावी.' माझ्याकडून, म्हणजे त्यांच्याकडून. रेषा वर गेली. चाळ रिकामी झाली. ऑफिसात कोणीतरी म्हणालं, "वय झालं होतं, व्हायचंच." मी तिथेच उभा होतो आणि गप्प राहिलो. माझी मला किळस आली, तरी गप्प राहिलो.

आठ महिने असेच गेले. मग एके दिवशी मी नेरूळच्या घरी गेलो. सुनंदा अजून तिथेच होती. मॅडमनी भावाला सांगून ठेवलं होतं, ती म्हणेल तितके दिवस घर तिचं. मुली शाळेत गेल्या होत्या. तिने आत बोलावलं आणि मला दाराजवळच थांबवलं. "जरा दमानं, भाऊ, पाय घसरंल." उंबऱ्याच्या आत हातभर फरशी ओली होती.

"नळ गळतोय का?"

"नळ तकडं हाय, मोरीत. वरच्यांना इचारलं, प्लंबर आणला. रोज दुपारी बाराला एवढीच जागा वली हुती. आता कुनाला इचारत न्हाई." तिचा आवाज अगदी साधा होता. "मुलींना म्हनते, मॅडम बघून जात्यात आपल्याला. पुसून घेते."

मी वाकून बोट लावलं. पाण्याखाली गाळाचा पातळ थर होता. दोन बोटांत चोळला. तो गाळ मी दोन वर्षं रोज चोळला होता. मार्च महिना, दुसरा मजला, बाहेर रखरखीत ऊन.

मग मी सांगितलं. उभ्यानेच सगळं सांगितलं. पेन, शाई, कोऱ्या चिठ्ठ्या, अंदाजाने टाकलेले तीन नंबर. तुझं घर बाहेर पडलं ते मातीने सांगितलं नव्हतं, मी सांगितलं होतं. ती भिंतीला टेकून ऐकत होती.

"म्हंजे मॅडम आल्या नसत्या तर आमी तितंच असतो," ती म्हणाली.

"हो."

"पोरी शेजारनीकडं. शेजारीन आठव्या खोलीत. मी कामावर."

"हो."

ती भिंतीपासून सरळ झाली. मग म्हणाली, "मॅडमना ठावं हुतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"तुमी त्यांना सांगितलं?"

"नाही."

सुनंदाने ओल्या फरशीकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिच्या तोंडावरचं सगळं अगत्य गेलं होतं, आणि ते जायलाच हवं होतं.

"मग त्या आमच्यासाठी येत नव्हत्या," ती म्हणाली.

तिने खिडकीवरचं फडकं काढून माझ्या हातात दिलं आणि ती आतल्या खोलीत निघून गेली. दार लोटून घेतलं. मी गुडघे टेकले. फरशी पुसली, ती पुन्हा ओली झाली, पुन्हा पुसली. पाणी फार गार होतं.

"मॅडम," मी म्हणालो, "दहा, अकरा आणि बारा नंबर मी अंदाजाने लिहिले."